सिद्धूचं रडं

सिद्धूनं ओढणी भिरकावली आणि पुन्हा सूर लावला, "आई पायजे! आई!"

सईबाईंनी हात टेकले. वेलचेरीतल्या ह्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात अठरा वर्षं त्या पोरं सांभाळत होत्या. आईच्या अंगावरची ओढणी हातात दिली की कसलंही लेकरू दहा मिनिटांत निवायचं. हा दोन वर्षांचा पठ्ठ्या मात्र ओढणीकडे ढुंकून बघेना. आणि ओढणीची मालकीण, रुचिरा, समोर चटईवर बसलेली!

"ताई, नको!" तिनं जवळ घेतलं तर तिलाही ढकललं.

"तुम्हांस ताई म्हणतो?" सईबाईंनी विचारलं.

"घरात सगळे मला ताई म्हणतात ना, म्हणून हाही."

"मग आई म्हणजे आजी असेल. आमच्याकडं तसंच. माझे काका वैनी म्हणायचे म्हणून मीही माझ्या आईस वैनीच म्हटलं, आणि आजीस आई. तंजावरची रीत."

"तुम्हाला न सांगता सगळं कळतं हो," रुचिरा हसली.

सईबाई सुखावल्या. नाही म्हटलं तरी पुण्याहून आलेली, कंपनीत काम करणारी मुलगी आपल्या मराठीला हसेल अशी त्यांना धास्ती होती. ही तर पहिल्या दिवसापासून लेकीसारखी वागत होती.

आणि तेव्हा त्यांना कुणीतरी आपलं हवंच होतं. सून रोज कुरकुर करी, हॉल मोकळा करा. तिचंही चूक नव्हतं, दोन खोल्यांत चार पोरं म्हणजे काय चेष्टा आहे? इमारतीच्या तळमजल्यावरची मोठी खोली सोसायटी पाळणाघराला देणार होती. ती मिळाली तर ठीक, नाहीतर पोंगलनंतर पाळणाघर बंद. तसं ठरलंच होतं घरात. पण बंद केल्यावर ह्या पोरांवाचून दिवसभर करायचं काय?

"अर्ज केलात का?" रुचिरानं विचारलं.

"इंग्रजीत पायजे म्हणे. मज तमिळ येतं लिहायला, इंग्रजी कुठलं? सेक्रेटरी गुरुमूर्ती आमच्यातलेच, पण त्यांस नाही विचारणार. ओळखीनं मिळवलं म्हणतील लोक."

"मी लिहिते की! तुम्ही फक्त सही करा."

दुसऱ्या दिवशी ती पान छापूनच घेऊन आली. सईबाईंनी तमिळमध्ये ठसठशीत सही केली आणि पान देवापुढे ठेवून परत दिलं. "तूच नेऊन दे कण्णा, तुझा हात चांगला," असंही म्हणाल्या.

सिद्धूचं रडं काही थांबेना. मग सईबाईंनी कंबर कसली. पहिला आठवडा रुचिरानं लॅपटॉप घेऊन समोर बसायचं. दुसरा आठवडा बाल्कनीत. मग लिफ्टपर्यंत जाऊन यायचं.

"पोर खेळात रमलं म्हणून गुपचूप पळायचं नाही," त्यांनी बजावलं. "तोंडावर सांगून जायचं, आणि सांगितल्या वेळेस यायचं. एकदा फसवलंस की संपलं."

रुचिरानं तेही मोबाइलमध्ये लिहून घेतलं. ती सगळंच लिहून घेई. भात किती मऊ, कोण कधी झोपतं, चावऱ्या पोराला काय सांगायचं. "विसराळू आहे हो मी," म्हणे. पालकांच्या ग्रुपमध्येही तिनं स्वतःला घालून घेतलं होतं. वाढदिवसांना फोटो टाकायची, सगळ्यांशी गोड बोलायची.

शेवटी इलाज सापडला तो कपड्यांच्या चिमट्यांचा. सईबाई कपडे वाळत घालायच्या आणि सिद्धूनं एकेक चिमटा हातात द्यायचा. काम मिळाल्यावर साहेबांचा रुबाब काय विचारता! सोळाव्या दिवशी रुचिरा "जाते रे" म्हणाली, तर त्यानं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"जिंकलो गं!" सईबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. डोळे भरून आले त्यांचे.

"तुमच्याकडून खूप शिकले मी," रुचिरा म्हणाली.

सोमवारी सिद्धू आला नाही. बाकीची पोरं, शरण्या आणि जुळी भावंडं, तीही नाहीत. सर्दीची साथ असेल, असं सईबाईंना वाटलं. अकराला गुरुमूर्तींचा फोन आला. "तळमजल्याची खोली आज उघडतोय. तुम्ही तर पायजेच."

मिळाली! सईबाईंनी घाईघाईनं रेशमी लुगडं नेसलं, केसांत मोगरा माळला. सुनेला म्हणाल्या, "घे बाई तुझा हॉल." गुडघे विसरून त्या जिन्यानंच उतरल्या.

खोलीला नवा रंग होता. दारात मोठी रांगोळी होती. शरण्या आणि जुळी आत चटईवर बसली होती, आणि पाठमोरी रुचिरा कोपऱ्यात दोरी बांधून तिला रंगीत चिमटे लावत होती. मदतीला आधीच हजर, गुणाची पोर! सईबाई हाक मारणार, एवढ्यात स्टुलावर चढून पाटी लावणारी एक तिशीची बाई खाली उतरली. सिद्धू धावत जाऊन तिच्या पायांना बिलगला.

"आई!"

बाईनं त्याला उचलून त्याचे मुके घेतले. "अदिती, ह्या सईबाई," रुचिरा मागे न बघताच म्हणाली.

गुरुमूर्ती हात जोडून पुढे आले. "या सईबाई. कमिटीत सगळ्यांस भारी वाटलं तुमच्या सहीचं पत्र. 'वयामुळं मज आता होत नाही, माझी पोरं ह्या नणंद-भावजयींकडं द्यावी.' एवढं मोठं मन कोणाचं असतं हो?"