माग थांबल्यावर

रुचिकाच्या पुस्तकानुसार मानवी मेंदू म्हणजे ब्रह्मांडातला सर्वांत मोठा चमत्कार. मात्र तिच्या बापाच्या मेंदूत वर्षभरात ‘मोतीबिंदूचं ऑपरेशन’ एवढे दोन शब्द शिरले नव्हते. कौशल्याबाईंच्या डोळ्यांपुढे धुकं दाटत चाललं होतं. मागाच्या कांड्यांवर सूत भरता भरता त्या रोज नवऱ्याला सांगायच्या, आणि टिकारामांचा हातमाग खटखटत राहायचा. “आई, रोजचा आवाज मेंदू ऐकतच नाही,” मानसशास्त्र शिकणारी लेक म्हणाली. “मागाची खटखट तुले ऐकू येते काय? थांबली की तूच दचकते. म्हणून बोलणंच थांबव.” कौशल्याबाईंनी तोंडाला कुलूप लावलं. नवव्या दिवशी टिकारामांनी खरंच माग थांबवला, मान वर करून बायकोकडे पाहिलं. बाईंचं काळीज सुपाएवढं झालं. “तू चुप झाल्यापासून डोक्याले कसं बरं वाटून राहिलं,” ते मायेने म्हणाले. “आता असीच राहजो. फक्त या कांड्यांवर सूत जरा पाहून भरत जाय.”