मोजणीचा आठवडा

युरोपातल्या गिऱ्हाईक कंपनीचा नवा नियम आला: भट्ट्यांमधून किती कार्बन हवेत जातो ते आठवडाभर मोजून कळवा, तरच माल घेऊ. मोजणी सुरू होण्याआधी चाकणच्या ज्योतीरामकाकांनी आपल्या कारखान्यातल्या तीनपैकी दोन भट्ट्या विझवल्या.

"काका, हे मोजमाप खोटं ठरेल," दिव्या म्हणाली. एमएस्सीनंतरची तिची ही पहिलीच नोकरी.

"अगं पोरी, कमी दिसलं की ती मंडळी खूश. तू यंत्रावरचा आकडा लिही. तेवढा तर खरा आहे ना?"

आठवडा संपल्यावर व्हिडिओ कॉलवर कंपनीच्या तपासणी करणाऱ्या बाईंनी आकडा पाहिला आणि तो पुन्हा एकदा वाचला. दिव्याने खिडकीतून बाहेर पाहिलं. लबाडी पकडली गेली तर ऑर्डर जाणार, आणि बाहेर डबे उघडून एकमेकांची थट्टा करत बसलेली चाळीस माणसं घरी बसणार.

मग बाई हसल्या. इंग्रजीत दोन-तीन वाक्यं भराभर बोलल्या, हात हलवला आणि कॉल संपला.

काकांनी दाराकडे तोंड करून हाक दिली, "चला रे, तिन्ही भट्ट्या पेटवा!" मग दिव्याकडे वळले. "पास ना? काय म्हणाली गं बाई?"

दिव्याने वहीत लिहिलेल्या आकड्यावर बोट ठेवलं.

&nbsp;

"म्हणाल्या, आकडा उत्तम आहे. आता दर आठवड्याची हीच मर्यादा, काका. एकदा जरी वर गेलो, तरी ऑर्डर बंद."