दोघांतला अबोल

“कादंबरीतल्या त्या दोघांत तू चुकीचा माणूस निवडतेस, पुढे पस्तावशील,” वसतिगृहातली अनसूया म्हणाली होती. अभ्यासाला लावलेल्या त्या कादंबरीत नायिकेसाठी झुरणारे दोघे होते. एक पानं भरभरून पत्रं लिहिणारा वकील. दुसरा तिच्या आजारपणात रोज दारापर्यंत येऊन न बोलता परत जाणारा मास्तर. “मास्तर म्हणजे नुसता दगड गं!” मी हसले, आणि परीक्षेत चार पानं वकिलाच्या बाजूनं लिहून आले.

आता मी सेलूला, सासरी. बाळ तीन दिवस तापानं फणफणलं होतं. हे रोज सायकलनं वर्ध्याहून औषध आणत, बाटली सासूबाईंकडे देत आणि ओसरीवर जाऊन बसत. वडिलांसमोर स्वतःचं लेकरू उचलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पण एका शब्दानं विचारावं तरी! मी मनातून चिडले होते.

आज ताप उतरला. ह्यांच्याबद्दल सासूबाई म्हणाल्या, “रूपराव भिंतीले कान लावून बसून राह्यला व माय. पोरगं रडलं का उठते, निजलं का बसते. तीन दिवस धड जेवला नाई.”

ओसरीवर मामंजी आहेत, मला तिथं जाता येत नाही. हे वाचणारे तुम्ही, जरा बघून याल? बाळ हसलं म्हणून सांगा त्यांना, आणि ते जेवले का, तेवढं पाहा.