पावणेएकचा पिंजरा

जमिनीच्या पोटात माणसाचा अहंकार टिकत नाही, असं म्हणतात. यज्ञेश्वर केतकरांचा तिकीटखिडकीपासून पिंजऱ्यापर्यंत तरी झकास टिकला होता.

"प्रतिकृती म्हणे! पाटबंधारे खात्यात खऱ्या बोगद्यांतून हिंडलोय मी."

"अहो, तिकीट काढलंय. आत व्हा," कुसुमताई म्हणाल्या.

खडकीच्या त्या संग्रहालयात विदर्भातली एक जुनी कोळसा खाण हुबेहूब उभारली होती. दारावर पाटी होती : 'भूमिगत सफर. मार्गदर्शकास मध्येच प्रश्न विचारू नयेत.' बिबवेवाडीहून एवढ्या लांब यायची कल्पना कुसुमताईंची. पावणेएकची वेळही त्यांचीच. पिशवीत पाण्याची बाटली, दशम्यांचा डबा आणि यज्ञेश्वरांचा स्वेटर.

"हिमालयात निघालीयस का?"

"आत गार असतं."

मार्गदर्शक संपतने लोखंडी दार बाहेरून लावलं. खाणीत उतरवणारा पिंजरा थरथरला, धडधडला. समोरच्या जाळीपलीकडे काळा कातळ वर वर सरकू लागला. भोंग्यातून संपत कोळशाचा इतिहास सांगू लागला.

"कान बंद झाले," यज्ञेश्वर अभ्यासूपणे म्हणाले. "शंभरेक फूट आलो."

तेवढ्यात हिसका बसला. दिवा गेला. इतिहास अर्ध्या वाक्यात थांबला.

त्यांनी हाका मारल्या. दार ठोठावलं. तिकिटावरच्या क्रमांकावर फोन लावला. कुठेतरी घंटी वाजत राहिली; कुणी उचलला नाही.

"एवढ्या खोल रेंज कशी?"

"सरकारी काम. टॉवर बसवला असेल," कुसुमताई म्हणाल्या. "अग्निशामक दलाला बोलावू? उद्या पेपरात फोटो. निवृत्त कार्यकारी अभियंता पिंजऱ्यात."

यज्ञेश्वरांनी विचार केला आणि फोन खाली ठेवला. मग तेही खाली बसले. आयुष्यभर त्यांनी हुकूम दिले होते. इथे हुकूम ऐकायलाही कुणी नव्हतं.

"कुसुम, हवा संपेल का गं?"

"संपेलही."

यज्ञेश्वरांनी शर्टाचं वरचं बटण सोडलं.

"अहो, स्वरालीला फोन करा."

लेकीने चेतनचं आडनाव सांगितलं, त्या सकाळी यज्ञेश्वरांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं. तिच्या बाबतीत ते अजून खाली आलं नव्हतं. लग्नाला ते गेले नाहीत. आता तिला आठवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं म्हणून कुसुमताईंनी रडून, भांडून, अबोला धरून पाहिलं. "या घरात नाही," एवढंच उत्तर.

त्यांनी फोन लावला.

"स्वरा, बाबा बोलतोय."

"काय झालं? आईला काही...?"

"आई बरी आहे. तू घरी ये. बाळंतपणाला. पहिलं माहेरीच असतं."

"आणि चेतन?"

अंधारात फोनचा उजेड त्यांच्या हनुवटीवर पडला होता.

"त्यालाही आण. घर त्याचंही... या गं बाळा. मी असलो नसलो तरी या."

ती रडत होती. "शनिवारी येतो बाबा. दोघंही."

फोन ठेवल्यावर यज्ञेश्वरांनी चष्मा पुसला. अंधारात त्याचा काही उपयोग नव्हता. कुसुमताईंनी त्यांच्या अंगावर स्वेटर टाकला, हातावर दशमी ठेवली आणि तो हात धरून ठेवला.

बऱ्याच वेळाने दिवा लागला. दार उघडलं. दारात बडीशेप चघळत संपत उभा. त्याच्यामागे तीच तिकीटखिडकी, तेच ऊन, आणि खिडकीवर पाटी : 'दुपारी एक ते दोन जेवणाची सुट्टी. खेळ जिथे असेल तिथे थांबेल.'

यज्ञेश्वर उंबऱ्यातच थबकले.

"आपण वर कधी आलो?"

"खाली गेलाच कुठं होता, साहेब? पिंजरा जागच्या जागी हलतो. वर जातो तो रंगवलेला पडदा."

यज्ञेश्वरांनी वळून बायकोकडे पाहिलं. कुसुमताई डब्याचं झाकण लावत होत्या.

"काकू, तुमची पण कमाल आहे," संपत म्हणाला. "मागच्या महिन्यात महिला मंडळाबरोबर अशाच तासभर अडकला होतात. आज मी दोनचं तिकीट देत होतो, तर नको म्हणालात."