दोनशे अठ्ठावीस कॅलरी

अकरा वाजता, तिसऱ्या मशीनपाशी, ढब्बूचा हात शर्टाच्या खिशात गेला. आत पुन्हा चॉकलेट होतं.

त्यानं ते पालथं केलं. "पुढं नुसती थापेबाजी असते, मागचं वाचत जा," असं आहारतज्ज्ञ बाईंनी बजावलं होतं. मागचं आता त्याला तोंडपाठ होतं. वजन पंचेचाळीस ग्रॅम. ऊर्जा दोनशे अठ्ठावीस कॅलरी. साखर तेवीस ग्रॅम, चरबी अकरा, प्रथिनं चार. म्हणजे एका बारमागे तासभर तरातरा चालणं. खाली बारीक अक्षरांत शेंगदाणे आणि कॅरमेल असंही लिहिलेलं होतं. तिथं आलं की तोंडाला पाणी सुटायचं. वाचून पोट भरत असतं, तर ढब्बूइतका तृप्त माणूस जगात सापडला नसता.

नोकरीही वैऱ्यानं शोधून दिल्यासारखी. कचेऱ्या, कारखाने, स्टेशनं, जिथं जिथं खाऊची मशीनं, तिथं जाऊन ती भरायची. हे चॉकलेट सगळ्यांत जास्त खपायचं, दिवसाला दीडशे तरी त्याच्या हातांतून जायची. वेष्टन चेपलेला नग भरणाऱ्यानं घ्यावा, अशी कंपनीची मुभा होती. नऊ वर्षं त्यानं ती मनापासून उपभोगली. खाऊन उरलेले घरी डब्यात साठवले. ढब्बू हे नाव काही उगाच पडलं नव्हतं.

मग ताईचं लिव्हर निकामी झालं. आई गेली तेव्हा ढब्बू पाच वर्षांचा आणि ताई सतरा. तेव्हापासून त्याला ताईच आई. आता तिचे डोळे पिवळे पडले, जिना चढताना दोनदा बसावं लागायला लागलं. लिव्हरचा तुकडा देऊ शकेल असा माणूस एकच निघाला, तो ढब्बू. त्याचे रिपोर्ट बघून डॉक्टरांनी मान हलवली.

"तुमच्या लिव्हरवर चरबी आहे. ब्याण्णव किलोंचे त्र्याऐंशी व्हा, मग बघू. आत्ता काढला तर दोघांच्याही जिवाला धोका."

त्याच संध्याकाळी ढब्बूनं तो डबा ताईच्या हवाली केला. "लपवून ठेव. पाया पडलो तरी देऊ नकोस." ताई हसली आणि डबा घेऊन आत गेली.

आठ किलो उतरले. बिनतेलाच्या भाज्या खाऊन आणि सकाळ-संध्याकाळ चालून चालून उतरले. मग चौऱ्याऐंशीवर गाडं अडलं, ते तीन आठवडे हलेना. कारण हे खिशातलं चॉकलेट. चेपलेला नग हात आपसूक खिशात टाकत असणार, जुनी खोड जाते कुठं, असं त्याला वाटायचं. पहिल्या दिवशी त्यानं नुसता तुकडा मोडला. मग उरलेल्याची दया आली. नंतर रोजच 'आजचा शेवटचा' ठरू लागला.

आजही ठरला. कॅरमेल जिभेवर विरघळलं, शेंगदाणा दाताखाली आला आणि ढब्बूला रडू कोसळलं. त्याला दुसरं काही नको होतं. आणखी तीस वर्षं ताईनं स्वयंपाकघरातून "हात धुतलेस का रे?" असं ओरडावं, एवढंच हवं होतं. आणि हे तोंड तेवढंही होऊ देत नव्हतं.

दुपारी दवाखान्यात काटा पुन्हा चौऱ्याऐंशीवर थांबला. "दहा दिवसांनी शेवटचं वजन," डॉक्टर म्हणाले. "ताईंकडे त्याहून जास्त वेळ नाही."

घरी ताई खुर्चीत बसून त्याच्या दुसऱ्या शर्टाला बटण लावत होती. ढब्बू तिच्या पायाशी बसला.

"ताई, मी माती खाल्ली. तीन आठवडे रोज एक चॉकलेट खातोय. मार मला."

ताईनं दोरा दातानं तोडला.

"तुला कशाला मारू? मीच ठेवते ते तुझ्या खिशात. त्या डब्यातलं."

ढब्बू तिच्याकडे बघतच राहिला. "तू? अगं, पण का?"

"मग काय करू? लहानाचा मोठा केला, तो असा पोट फाडून घ्यायला? नको म्हटलं असतं तर ऐकणार होतास थोडाच. म्हटलं, वजनातच नापास झालास की विषय संपला."

"म्हणजे तुला जगायचंच नाहीये!" ढब्बू ओरडला.

ताईनं शर्टाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग तिचा आवाज फुटला तो अगदी बारीक.

"जगायचंय रे. फार जगायचंय. सकाळी मीच ठेवते, आणि संध्याकाळी तू शर्ट काढलास की आधी खिसा चाचपते. रोज वाटतं, आज तरी तू ते न खाता परत आणलं असशील."