शुक्रवारपर्यंतचं आजारपण

बुरुलचानं सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला आणि एकटीच हसली. तोक्तोसूनच्या मूत्रपिंडातून काढलेली गाठ कर्करोगाचीच होती, पण अगदी गरीब स्वभावाची. पेशींची केंद्रकं लहान, गोल. मेलेल्या पेशींचा डाग कुठेच नाही. गाठीनं आपलं कवच फोडलं नव्हतं, की शिरेत शिरकाव केला नव्हता. अशी गाठ सहसा परत येत नाही. हा म्हातारा दुसऱ्याच कशानं तरी मरणार होता, आणि तेही सावकाश.

सर्जनला फोन करून ती स्वतःच बाहेर आली. बिश्केकच्या त्या दवाखान्यात असला निकाल आधी घरच्यांना सांगत. रोग्याला शेवटी, किंवा कधीच नाही. घरचेच गयावया करत, त्याला सांगू नका म्हणून. आज तो प्रश्नच नव्हता.

बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोनं, अनारकाननं, सगळं ऐकलं, डोळे पुसले आणि बुरुलचाचा हात घट्ट धरला.

"पोरी, त्यांना सांगू नकोस."

"अहो मावशी, बातमी चांगली आहे!"

"म्हणूनच! कुरणावरून भांडले तेव्हापासून धाकट्या भावाचं तोंड पाहिलं नाही त्यांनी. आता मरणार म्हणून 'बोलवा त्याला' म्हणाले. शुक्रवारी येतोय तो नारिनहून. जगणार हे कळलं की पुन्हा ताठतील. तुला नाही माहीत, किती हट्टी आहेत ते!"

मरणाऱ्यापाशी जाऊन मनातलं किल्मिष सोडायचं, हे बुरुलचाच्या घरीही कधी चुकलं नव्हतं. जगणाऱ्याशी मात्र अबोला धरायला सगळे मोकळे. तिला रागही आला आणि हसूही. शेवटी ती सुतकी चेहरा करून खोलीत शिरली. अनारकान दाराबाहेरच थांबली.

तोक्तोसूननं खूण करून तिला जवळ बोलावलं.

"चेहरा झकास जमलाय," तो कुजबुजला. "शुक्रवारपर्यंत असाच ठेव."

"म्हणजे? तुम्हाला कळलं?"

"आत्ताच सर्जन खेकसून गेला. मीठ कमी करा, सिगारेट सोडा, पुढच्या वर्षी तपासणीला आला नाहीत तर बघा! मरणाऱ्यावर कोण खेकसतं गं? पण माझ्या म्हातारीला सांगू नकोस. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी जगणार हे कानावर गेलं, तर माझा भाऊ खिंडीतूनच गाडी परत वळवेल."