आरोपीच्या आधी शेजारी

"फिकी आहे. लिहून टाक," बाई म्हणाल्या आणि पुस्तकं खोक्यात भरत राहिल्या.

इस्पितळाच्या तपासणी विभागात बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. परवा त्यांनी अचानक निवृत्ती जाहीर केली. मुलीकडे जाऊन आराम करणार म्हणे. आपली खुर्चीसुद्धा त्यांनी लगेच हाताखालच्या डॉक्टरणीला देऊन टाकली. बाई तिला लाडानं शंकेखोर म्हणत. ती त्या खुर्चीत अवघडून बसली होती. समोर सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या पट्टीवर एका गाठीचा तुकडा. काचेवर नाव नाही, नुसता नंबर. माणूस कोण हे ठाऊक असताना काच वाचायची नाही, हा बाईंचाच नियम.

प्रश्न साधा होता. पेशीच्या अंगावर ओळखीचे रेणू असतात. आत काय शिजतंय ते शरीराच्या पहारेकरी पेशींना त्यांच्यावरून कळतं. कॅन्सरची पेशी कधीकधी हे रेणू टाकून देते आणि पहारेकऱ्यांच्या हातावर तुरी देऊन शरीरभर पसरते. रेणू असले तर काचेवर तपकिरी रंग चढतो. मग पहारेकऱ्यांना जागं करणारं औषध देऊन बघता येतं. नसले तर ते औषध फुकट, आणि या पेशंटसाठी दुसरं काही उरलं नव्हतं.

शंकेखोर काच सरकवत राहिली. गाठ फिकी होती, खरंच. पण लिहायला हात उठेना.

"बाई, शेजारची रक्तवाहिनीही फिकी आहे."

"मग?"

"ती निरोगी. ती कशाला ओळख टाकेल? रंगच चढलेला नाही. आरोपीच्या आधी शेजारी बघा, हे तुम्हीच आमच्या डोक्यात भरलंत."

बाईंचा हात थांबला. "मी दोनदा बघितली ती काच."

"दहादा बघा. ती वाचण्यासारखीच नाही. मी तुकडा पुन्हा रंगवते."

बाईंशी या सुरात आजवर कुणी बोललं नव्हतं. तरी त्या रागावल्या नाहीत. शंकेखोरला कोडं पडलं. ज्या चुकीवरून बाई नवख्यांना फाडून खायच्या, तीच त्यांच्या हातून कशी झाली?

दुसऱ्या दिवशी नवी काच आली. रक्तवाहिनी तपकिरी. आणि गाठीतली एकूणएक पेशी, कडेकडेनं, तपकिरी. शंकेखोरला आनंद लपवता येईना.

"बाई, सगळे चोर ओळखपत्रासकट सापडले. औषध देता येईल. पेशंटला कळवायला सांगू?"

बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग डोळे पुसले, चष्मा पुसला, खोक्यातलं वरचं पुस्तक उचलून कपाटात ठेवलं.

"उठ, माझी खुर्ची दे," त्या म्हणाल्या. "पेशंटला कळलं. औषध चालू असताना मी घरी बसून काय माशा मारू?"